गाळून पाठवलेलं तळं

३ फेब्रुवारी

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार घातला असता, पण माझ्या टेबलाखाली रिकाम्या बाटल्यांची खोकी आहेत. उभ्याउभ्या करतेय, गोड मानून घे.

तू हो म्हणालीस आणि माझा जीव भांड्यात पडला. आमचा पाणी आणणारा माणूस गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी बसलाय आणि बदली माणूस द्यायला वरचे तयार नाहीत. मोठ्या बाई (आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख; त्या खोलीत आल्या की कपाटातल्या बाटल्यासुद्धा सरळ उभ्या राहतात) म्हणाल्या, "आता?" मी छातीठोकपणे सांगितलं, की माझी आत्या तळ्याच्या काठावरच राहते, तिच्याकडे होडी आहे, नवरा आहे, आणि दोन्ही तिच्या शब्दाबाहेर नाहीत.

काम सोपं आहे. दर आठवड्याला तळ्याच्या मधोमध जायचं, मोठी बाटली बुडवून भरायची, घट्ट झाकण लावायचं आणि पोस्टात टाकायची. इथे आल्यावर आम्हालाच ते पाणी बारीक जाळीतून गाळावं लागतं, मग कोण कोण आहे ते बघत बसायचं.

का, तेही सांगते, म्हणजे आतोबा कुरकुरले तर तुला उत्तर देता येईल. धातूच्या कारखान्याचं धुराडं चालू होतं तोवर तुमच्याकडे पाऊस आंबट पडायचा. तळंही आंबट झालं. मासे गेले, शंखाच्या गोगलगाई गेल्या, पाणपिसवा म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे पाण्यातले जीव, त्याही गेल्या. धुराडं बंद होऊन इतकी वर्षं झाली, पाण्याचा आंबटपणा बराच उतरलाय. आता प्रश्न एवढाच, की गेलेले जीव आपापले परत येतायत का? येत असतील तर तळ्याला कुणी हात लावायचा नाही. येत नसतील तर तळे समिती मत्स्यकेंद्रातून ट्रकभर मोठे मासे आणून ओतणार. मला ते नकोय. गेली सहा वर्षं मी याच एका तळ्याच्या मागे आहे, आणि ते स्वतःच्या पायावर उभं राहिलेलं मला बघायचंय.

तुझी,
भिंगरी


१४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

उभ्याने केलेला नमस्कार पोचला. आशीर्वाद मात्र आडवी पडून देतेय, कारण कंबर धरलीय, आणि कंबर धरलीय ती तुझ्या बाटलीपायी.

तुझ्या आतोबांनी होडी अशी काढली, जसं काही परत यायचंच नाही. टोपी काय, थर्मास काय, माशांचा गळ काय. तळ्यात मासा नाही हे त्यांना माहीत आहे. म्हणतात, "म्हणून तर शांतपणे बसता येतं." मग मधोमध म्हणजे नक्की कुठे, यावरून आमचं वाजलं. ते म्हणाले इथे, मी म्हटलं अजून पुढे. आम्ही भांडत होतो तोवर वाऱ्याने होडी हवी तिकडे नेली, आणि तेच मधोमध असं ठरलं.

बाटली पायमोज्यात गुंडाळून पाठवलीय. पायमोजा धुतलेला आहे. पाणी कसं लख्ख आहे बघ! तुझं कामही थोडं हलकं करून दिलंय. तुझ्या मोठ्या बाईंना दाखव आणि सांग, आमच्या घरचं काम असंच असतं.

पाण्यावर ते किडे आहेत ना, पाठीवर पडून वल्ही मारल्यासारखे पोहणारे, त्यांना मी उताणे म्हणते. जेवण झाल्यावर तुझे आतोबा अगदी तसेच पडतात. हे जीव म्हणजे चांगलं लक्षण की वाईट? आणि तू कधी येतेस? मागच्या खोलीतल्या पलंगावर मी वाळत घातलेल्या चादरीच आता राहायला आल्यात.

तुझी,
आत्या


२७ फेब्रुवारी

ती. आत्यास,

नमस्कार. बाटल्या पोचल्या. पायमोज्याबद्दल प्रयोगशाळेत बरीच चर्चा झाली.

आत्या, मी चक्रावलेय. आंबटपणा मोजला तर उत्तम, एखाद्या निरोगी तळ्याला शोभेल असा. आणि जाळीवर बघावं तर काही नाही! पाणपिसू नाही, तिचं पिल्लू नाही, एखादा तुटका पायसुद्धा नाही. लग्नाचा हॉल सजवून ठेवलाय, दिवे लागलेत आणि पाहुणाच नाही, तसं झालंय.

तुझे उताणे मात्र मला दोषी वाटतायत. हिरवं बारीक शेवाळ पाणपिसवा खातात, पाणपिसवांना किडे खातात आणि किड्यांना मासे. आंबट पाण्यात मासे मेले, तेव्हा हे किडेच तळ्याचे मालक झाले, कारण त्यांना खाणारं कुणी उरलं नाही. घरमालक परगावी गेला आणि भाडेकरू दिवाणखान्यात पसरला, असं समज. आता पाणी सुधारल्यावर एखादी पाणपिसू परत यायला बघते, तर हा भाडेकरू तिला दारातच गट्ट करतो. मी यावर एक मोठा निबंध लिहायला घेतलाय. त्यामुळे इतक्यात येणं जमेलसं दिसत नाही, रागावू नकोस.

तुझी,
भिंगरी


९ मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. मी रागावलेली नाही. चादरींना विचार हवं तर.

पण तळ्यात कुणी नाही म्हणजे काय? मग परवा माझ्या पोटरीला काय चावलं? तुझ्या आतोबांनी भिंग लावून बघितलं आणि म्हणाले, "उताणाच." एवढं म्हणून ते खदखदा हसले, म्हणून दोन दिवस त्यांच्याशी अबोला होता. तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवायचं होतं, म्हणून सोडला.

खरं सांगू का, तळ्याची मला अलीकडे लाजच वाटते. पूर्वी होडीतून चमचा पडला तर तळाशी पडलेला दिसायचा. लोक लांबून यायचे ते पाणी बघायला. आता हिरवट झालंय, कुणी भांडी विसळल्यासारखं, आणि त्यात बारीक टिंबं टुणटुण उड्या मारतात. काठावर बसलं की ओशाळल्यासारखं होतं. पण तू काळजी करू नकोस. तुझ्या बाटलीत यातलं काही जाणार नाही, ही जबाबदारी माझी.

उताण्यांना हुसकावून लावायचं असेल तर तसं कळव. मी अजून वल्हं मारू शकते.

तळं रिकामं निघालं तर मासे येणार म्हटल्यावर तुझे आतोबा गळाला तेलपाणी करत बसलेत. घरात फितुरी आहे, एवढं लक्षात ठेव.

तुझी,
आत्या


३० मार्च

ती. आत्यास,

नमस्कार. हे पत्र मी रडून झाल्यावर लिहितेय, त्यामुळे अक्षर नीट आलंय.

माझा निबंध मोठ्या बाईंना फार आवडला. 'आजारातून उठलेलं, पण अंथरुणातून न उठलेलं तळं' असं त्याला नाव दिलं होतं. त्या चक्क "बरं आहे" म्हणाल्या. इथे लोक या दोन शब्दांसाठी निवृत्तीपर्यंत थांबतात. मी हवेत होते. मग तो निबंध तळे समितीकडे गेला. समितीचे अध्यक्ष निवृत्त दातांचे डॉक्टर आहेत. त्यांनी शेवटचं पान वाचलं आणि म्हणाले, "म्हणजे मुळापासून गेलंय. नवीन बसवू या."

वीस एप्रिलला ट्रक येणार, आत्या. मोठे, भुकेले मासे. चार जीव कुठे चिखलातून डोकं वर काढत असतील तर ते आठवड्यात फस्त होतील, मग मासेच उपाशी, मग त्यांना पोत्यांनी खाणं टाकायचं. तळ्याचा कायमचा हौद होईल. आणि तो माझ्या कागदामुळे होईल. ज्या तळ्यासाठी सहा वर्षं घालवली, त्याला मीच संपवलं असं मला वाटतंय.

मी सगळं पुन्हा पुन्हा तपासतेय. रात्रंदिवस एकच विचार, की चुकलं कुठे? तुझं मागचं पत्र परत वाचलं. तेव्हा वाटलं होतं, काठाशी चिखल असेल. पण उड्या मारणारी टिंबं? चिखल उड्या मारत नाही. तू बाटली कशी भरतेस ते मला एकदा अगदी पहिल्यापासून लिही. काही गाळू नकोस.

तुझी,
भिंगरी


२ एप्रिल

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. आधी डोळे पूस. दातांच्या डॉक्टरांचं इतकं मनावर घ्यायचं नसतं, त्यांना उपटण्याची सवयच असते.

तू लिहिलंस काही गाळू नकोस, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. पण पाणी मात्र मी गाळतेच हं, त्याबद्दल निश्चिंत राहा.

होडीतून बादली भरून आणतो. घरी आणून निवळू देते. मग दिवाणखान्याच्या जुन्या पडद्याचं कापड घेते, चार घड्या घालते, आणि दोनदा गाळते. तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस ना, की इथे आल्यावर आम्हालाच गाळावं लागतं. म्हटलं, पोर दिवसभर उभी राबते, वर हे गाळण्याचं काम कशाला तिच्या डोक्यावर? आपल्या हाताने होतंय तर करून द्यावं. बाटली उकळत्या पाण्याने धुते, मगच भरते. तुझ्या त्या बाईंना एक कण सापडला असेल तर मला सांग.

कापडावर जे राहतं तेही वाया घालवत नाही. मागच्या अंगणात जुना न्हाणीचा टब आहे, त्यात तळ्याचंच पाणी भरून ठेवलंय झाडांसाठी. कापड त्यातच खळबळते. टबाची मात्र पार दशा झालीय, नुसतं वळवळतंय आत. ट्रकवाले येण्याआधी घासून काढणार आहे, लोक काय म्हणतील!

भिंगरे, एक सांगू? तू येत नाहीस. चार ओळींचं पत्र येतं, तेही पाण्याबद्दल. तुझ्यासाठी करण्यासारखं माझ्या हातात ही एक बाटलीच उरली होती. म्हणून ती इतकी निगुतीने केली.

तुझी,
आत्या


५ एप्रिल

आत्या,

टब घासू नकोस.

टबाला हात लावू नकोस. टबाजवळ फडकं घेऊन जाऊ नकोस. आतोबांनाही जाऊ देऊ नकोस. नमस्कार.

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि इतकी हसले, की शेजारच्या टेबलावरच्या मुलीने पाणी आणून दिलं. मग पाण्याचा पेला बघून आणखी हसले. मग एकदम हसू थांबलं. म्हणजे तळं रिकामं नव्हतंच! भाडेकरूबद्दल मी चाळीस पानं लिहिली आणि पाहुणे तुझ्या अंगणात, टबात बसले होते!

दोन रस्ते होते. गप्प बसायचं, मग माझा निबंध छापून येणार आणि तळ्यात मासे पडणार. किंवा मोठ्या बाईंना सांगायचं. मला फार भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण गेले आणि सांगितलं. पडदा, चार घड्या, दोनदा, सगळं.

त्यांनी माझा निबंध मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "तुम्ही या तळ्यावर शेवटच्या कधी गेला होतात?" मला आठवेना. त्या म्हणाल्या, "मग आता तुम्ही इथेच बसा. मी जाते."

त्या येतायत, आत्या, ट्रकच्या आधी, अध्यक्षांना घेऊन. मला यायची परवानगी नाही. चूक तुझी म्हणू नकोस, माझीही झाकू नकोस, जे आहे ते दाखव. आणि देवाशपथ, त्यांच्यासमोर काहीही पुसू नकोस.

तुझी,
भिंगरी


२१ एप्रिल

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. बस, आणि शांतपणे वाच.

ट्रक आधी आला आणि तुझ्या मोठ्या बाई नंतर. ट्रकवाल्याला घाई होती, मासे आत धडाधडा शेपट्या आपटत होते. मी काय करणार? फाटकासमोर खुर्ची टाकून बसले. म्हटलं, चहा घेतल्याशिवाय आमच्या दारातून कुणी जात नाही. चहा उकळायला तुझ्या आतोबांना पाठवलं, कारण त्यांचा चहा कधी लवकर होत नाही. आतून ते दर पाच मिनिटांनी ओरडत, "साखर कुठेय?" साखर त्यांच्या हातात होती. फितूर माणूस ऐन वेळी आपल्या बाजूने आला, असं मी धरून चालले.

मग मोटार आली. तुझ्या बाई उंचीने माझ्या खांद्याला लागतात, हे तू कधी सांगितलं नाहीस. नमस्कार नाही, चमत्कार नाही, सरळ "टब कुठेय?" टब दाखवला. एवढी मोठी बाई, इस्त्रीच्या कपड्यांत, तशीच ओल्या मातीत गुडघे टेकून बसली! दातांच्या डॉक्टरांनी खिशातून आपला तो दांडीचा छोटा आरसा काढला आणि टबाच्या कडेने असे बघू लागले, जसं काही टबाची अक्कलदाढ शोधतायत. मग म्हणाले, "किडे तर दिसतायत, पण हे जिवंत आहेत कशावरून?" आणि बोट आत घातलं.

उताण्याने चावलं.

भिंगरे, ते इतके उडाले की आरसा टबात. म्हणाले, "चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात बोटं घातली, कुणी चावलं नव्हतं!" ट्रकवाला हसून हसून फाटकाला टेकला.

पण तुझ्या बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, टब म्हणजे तळं नव्हे. होडी काढायला लावली, मधोमध गेल्या (आतोबांनी यावेळी मुकाट्याने नेली), आणि स्वतःच्या हाताने बाटली भरली. ती उन्हात धरली, तर आत टिंबं. टुणटुण. मला म्हणाल्या, "या पाणपिसवा. यांची अंडी धुराडं सुरू व्हायच्या आधीपासून खाली चिखलात पडून होती. पाणी बरं होईपर्यंत वाट बघत होती." मी विचारलं, "इतकी वर्षं?" त्या हो म्हणाल्या. मला एकदम भरून आलं. ज्यांना मी दर आठवड्याला घाण म्हणून झटकत होते, ती तळ्याची स्वतःची लेकरं निघाली.

डॉक्टर बोटाला पट्टी बांधून म्हणाले, "दात हलत असला तरी मूळ जिवंत आहे. उपटायचा नाही." ट्रक आला तसा परत गेला.

जाताना बाईंनी विचारलं, "चूक कुणाची?" मी म्हटलं, "गाळलं मी. पण तिने एकदा येऊन बघितलं असतं तर मी तिच्यासमोर गाळलं असतं आणि तिने मला थांबवलं असतं." त्या मागच्या खोलीच्या खिडकीतून आत डोकावल्या. पलंगावरच्या चादरी त्यांनी नीट बघून घेतल्या.

तुझी,
आत्या


२ मे

ती. आत्यास,

नमस्कार. मला शिक्षा झाली.

आधी सगळ्या प्रयोगशाळेसमोर उभं राहून वाचून दाखवावं लागलं, की अमुक निबंधातले सगळे निष्कर्ष मागे घेण्यात येत आहेत, कारण पाणी आत्याने गाळलं होतं. 'आत्याने' हा शब्द मी 'संकलकाने' असा लिहिला होता. बाईंनी तो खोडून पुन्हा 'आत्याने' केला. आता इथे कुणीही चहा गाळताना माझ्याकडे बघतो.

मग बाईंनी बोलावलं. म्हणाल्या, पुढची तीन वर्षं तुम्ही तळ्यावरच राहायचं. उताणे आधी कमी होतात की पाणपिसवा आधी वाढतात, कोण कुणाला खातंय, कोण परत येतंय, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून लिहायचं. "मागची खोली रिकामी करायला सांगितलीय," असंही म्हणाल्या.

आत्या, मला सगळ्यांसमोर फार लाज वाटली. आणि जिना उतरताना मी दोन पायऱ्या एकदम उतरत होते. तुझं ते वाक्य, की बाटलीच उरली होती, ते मला अजून टोचतंय. तुझ्याबाबतीत मी चुकले, आणि हे तळ्याच्या चुकीपेक्षा मोठं आहे. चादरींना नोटीस दे.

तुझी,
भिंगरी


१७ जून, सकाळ, स्वयंपाकघरातून

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. हे पत्र तुझ्या दाराखालून सरकवतेय, कारण कालपासून आपण बोलत नाही आहोत. फ्रीजमध्ये माझ्या लोण्याशेजारी तू चिखलाची बरणी ठेवलीस, मी ती जागेवरून हलवली, आणि तू मला "नमुन्याला हात लावलास!" म्हणून ओरडलीस. मी ते विसरलेली नाही. तरीही लिहावं लागतंय.

काल भांडणाच्या आधी तू जेवताना म्हणालीस, की शंखाच्या गोगलगाई इतक्यात येणार नाहीत, आंबट पाण्यात त्यांचा शंखच विरघळतो, पाणी पुरतं सुधारलं तरच त्या येतात, अजून कितीतरी वर्षं लागतील.

तर मी आत्ता होडी बघायला गेले होते. होडीच्या बुडाला, पाण्याखाली वीतभर, एक बसलीय. माझ्या करंगळीच्या नखाएवढी. शंख इतका पातळ की आतली ती हलताना दिसते. तुझे आतोबा तिच्याकडे बघत काठावर बसलेत, आणि त्यांनाही मी गप्प राहायला सांगितलंय.

तिच्या पाठीवर चिखल आहे, भिंगरे. शेवाळाची एक तारही लोंबतेय. मी पुसलेलं नाही. उचललेलं नाही. बोटसुद्धा लावलेलं नाही, जशी आहे तशी ठेवलीय, तुझ्यासाठी.

लवकर बाहेर ये. मला फार वेळ राहवणार नाही.

तुझी,
आत्या